खंडेनवमीचं निरांजन

झेंडूचा वास आला की मला आखातातला, अल मनखूल भागातला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आठवतो. नव्वदच्या दशकात बाबांना मेटल डिटेक्टरचं वेड होतं. फुजैराजवळ खजुराचं एक ओसाड शेत होतं, तिथे पूर्वी इंग्रजांच्या फौजेची छावणी असायची. मालकाला विचारून बाबा शुक्रवारी तिथे जात आणि बटणं, राजाचं तोंड असलेली नाणी घेऊन येत. एकदा त्यांनी नारळाएवढा, गंजलेला लोखंडी गोळा आणला. खंडेनवमीला आईने तो पाटावर पान्या-पक्कडींशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि अगदी त्याला खेटून निरांजन लावलं. प्रसादाला आलेले वरचे काका निवृत्त फौजी होते. पाटापाशी वाकले आणि तसेच थबकले. "वहिनी, मुलांना घेऊन खाली चला. तोफेचा गोळा आहे हा, न फुटलेला. यल्ला, चला लवकर!" बाबा दिवा विझवायला वाकले, तशी आई सवयीने ओरडली, "अहो, देवाचा दिवा फुंकू नका!" काका म्हणाले, "कशालाच हात लावू नका." आम्ही अनवाणीच खाली पळालो आणि पोलीस येईपर्यंत आमच्या खिडकीतला तो पिवळा उजेड बघत उभे राहिलो. गोळा फुटला नाही. पण आजही निरांजन लावण्याआधी मी चपला दाराशी सरळ करून ठेवते.