थांबून राहिलेली पत्रकं

वारूळवाडीच्या द्राक्षबागेत पाखरं हाकलायला जुन्या सीडी टांगल्यात. त्यांची तिरीप डोळ्यांवर आली आणि मला आमच्या जुन्या सामाजिक मंडळाची खोली आठवली. तापलेल्या कॉम्प्युटरच्या धुळीचा वास, आणि तिथं काम करणारी जुन्नरची शबाना.

त्या सकाळी कॉम्प्युटर बिघडून रक्तदात्यांचा सगळा डेटाबेस पुसला गेला होता. बॅकअप एका सीडीवर होता. शबानानं तो परत भरायला घेतला, तेवढ्यात दवाखान्यातून आमच्या ओळखीचे सदूभाऊ धापा टाकत आले. त्यांची लेक बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह.

"किती येळ लागंल, ताई?"

"समदं भरायचं तर संध्याकाळ व्हईल."

वेळ खात होती ती माझी चळवळीची पत्रकं. जग बदलतील अशा खात्रीनं लिहिलेली, एकूण एक स्कॅन करून त्याच डेटाबेसात घातलेली. शबानानं काम मध्येच थांबवलं.

"तुजी क्रांती जरा मागनं येऊ दे, राव. आदी नुसते रक्तदाते भरते."

"भर," मी म्हणालो.

सदूभाऊंपुढचा चहा निवायच्या आत नावं पडद्यावर आली. त्यातले एक, या द्राक्षबागेचे मालक, फोनवर एवढंच म्हणाले, "निघालोच!"

लेक वाचली. पत्रकं भरायच्या आधीच सीडी खराब होऊन ती कायमची गेली, तेव्हा मी फार हळहळलो. आज वाटतं, माझ्या पत्रकांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे त्या सकाळी ती थांबून राहिली, हेच.