ठणठणीत छात्या

माझा धाकटा भाऊ आनंदा खोटं बोलायच्या आधी छाती पुढे काढतो. लहानपणापासूनची खोड. मेल्याला चाळीचा जिना चढवत नाही, पण कुणी तब्येत विचारली की छाती पुढे!

करी रोडच्या गिरणीत तो कापूस पिंजायच्या खात्यात होता. घरी यायचा तो भुवयांसकट पांढरा. खोकला तर त्या खात्यातल्या सगळ्यांनाच. मग संप झाला. संपात काही डॉक्टर चाळीत आले, गिरणी कामगारांच्या छात्या तपासायला. नळीत फुंकायचं आणि काय त्रास होतो ते सांगायचं. आमच्या माणसांत कुजबुज सुरू झाली, खोकला सांगितला तर टीबीवाला म्हणतील, संप मिटल्यावर गेटच्या आत घेणार नाहीत. झालं! एकजात सगळे ठणठणीत. खोकला गिळून डोळ्यांत पाणी आलेलं, तरी "काय त्रास नाय, साहेब." आनंदा सगळ्यांत पुढे.

संप कसला मिटतोय! गिरणीच गेली.

आता आनंदा आडवा झाला की गुदमरतो. बसूनच झोपतो. परळच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनचं मशीन घरी न्यायला देतात, पण छाती खराब आहे असं कॉम्प्युटरने सांगितलं तरच. मी त्याला धरून नेलं. त्याने नळीत फुंकलं. कॉम्प्युटर म्हणाला, नॉर्मल.

"नॉर्मल? अहो बाई, त्याचे ओठ बघा, काळेनिळे झालेत!" मी चढलेच.

डॉक्टरीण बिचारी चांगली होती. "मलाही दिसतंय, आजी. पण हे एआय आहे. निरोगी माणूस कसा असतो ते त्याला शिकवावं लागतं. इथलीच निरोगी माणसं धरून शिकवलंय, संपाच्या वेळी चाळींत तपासलेली, ज्यांनी काही त्रास नाही म्हणून सांगितलं ती. वयाचा फरक धरला तर यांची छाती त्यांच्यासारखीच आहे."

अरे माझ्या कर्मा! आनंदा खाली बघत होता.

"त्या निरोग्यांत मी पण होतो," तो म्हणाला. "सगळेच खोटं बोललो आम्ही."

"मग बाकीच्यांनाही आणा. सगळ्यांनी सांगितलं तर मी वरती भांडेन."

"कुठून आणू? खोकून खोकून गेले सगळे," आनंदा म्हणाला.

मशीन काही मिळालं नाही. येताना चाळीच्या जिन्यात तो मध्येच बसला. श्वास वर येईना, खाली जाईना. मला रडू येत होतं आणि रागही, पण काढायचा कुणावर? इतक्यात शेजारचा दत्तू वरून उतरला, आनंदाच्या मुलाच्या वयाचा.

"काय काका, बरं आहे ना?"

आनंदाने खोकला गिळला आणि छाती पुढे काढली. "एकदम फर्स्ट क्लास."