विमलच्या उंचीचा ओटा

गायकवाड भाऊजी स्वतःहून फोन करणाऱ्यांतले नव्हेत. फोन विमल लावायची, पोटभर बोलून झालं की "घ्या, ताईशी बोला" म्हणून त्यांच्या हातात द्यायची आणि ते "बरंय ना?" एवढं विचारून तो परत तिच्याकडे द्यायचे. त्यामुळे सव्वा महिन्यापूर्वी सकाळी चहा गाळत असताना फोनवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हाच मी गाळणी खाली ठेवली. "ताई, विमल उठंना," एवढंच म्हणाले. मी वेड्यासारखी म्हणाले, "अहो, मोठ्याने हाक मारा, दमली असेल..." फोन चालूच होता आणि पलीकडे कुणीतरी बाई रडत होती. झोपेतच गेली विमल. हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर. आदल्या रविवारी माझ्याकडे येऊन वांग्याचं भरीत खाऊन गेली होती, आणि जाताना त्यात मीठ कमी आहे असं सांगून गेली होती. मीठ बरोबर होतं. हे तिला ठणकावून सांगायचं राहून गेलं.

विमल म्हणजे घणसोलीला माझ्या समोरच्या दारात राहायला आलेली भाडेकरीण. मूळची परभणीकडची. तुर्भ्याच्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होती, तिचे यजमान गायकवाड भाऊजी द्रोणागिरीला बंदराजवळच्या गोदामात सुपरवायझर, मुलगी प्रज्ञा पुण्याला शिकायला. मी मालवणकडची, नवरा गेल्यापासून एकटी, आणि तोंडाने फटकळ. सोसायटीतल्या बायका माझ्याशी जपूनच बोलतात. विमल आली त्या दिवशी मी दारात उभी राहून तिचं सामान बघत होते, तर ही माझ्या खांद्याएवढी बाई सरळ समोर येऊन म्हणाली, "ताई, नुसतं बघायलात, कपाट धरा की एका बाजूनं." मी धरलं. मागून भाऊजी आले, दाराच्या चौकटीखालून मान वाकवून. मला राहवलं नाही. "लग्नात हार कसा घातलास गं यांना, शिडी लावून?" ती म्हणाली, "खालीच बसवलं होतं माय, म्हटलं हार पाहिजे तर बसा." त्या दिवसापासून आमची दारं उघडीच राहिली.

तिच्या सामानात एक जुना पाट होता, सागवानी, मधोमध झिजलेला. मला वाटलं पूजेचा असेल किंवा जेवायला बसायचा. तो होता उभं राहायचा! ओट्यासमोर पाट टाकायचा, त्यावर चढायचं आणि भाकरी थापायची. तिला रोज ज्वारीची भाकरी लागायची, आणि तिचं म्हणणं असं की पीठ मळायला खांद्यातून जोर यावा लागतो, ओटा छातीशी आला तर जोर यायचा कुठून? लग्न झाल्यापासून किती भाड्याची घरं बदलली असतील, प्रत्येक घरात ओटा दुसऱ्याच कुणाच्या तरी उंचीचा. मागे सरकलं की पाटावरून पाय घसरायचा. एकदा तर तव्यासकट खाली आली होती, मनगटावर भाजल्याचा डाग शेवटपर्यंत होता. "एक दिवस माझ्या उंचीचा ओटा करीन ताई," म्हणायची, "आणि मग तुमी या वाकून वाकून भाकरी करायला." बायका दागिने मागतात, फिरायला जायचं म्हणतात. हिचा जीव ओट्यात.

रविवार आला की घरं बघायला जायचं, आणि सोबतीला मी. बेलापूरपासून उलव्यापर्यंत आम्ही किती नमुन्याचे फ्लॅट पाहिले त्याला गणती नाही. एजंट बिचारा व्ह्यू दाखवायचा, पार्किंग दाखवायचा, क्लब हाउसचं चित्र दाखवायचा, आणि विमल चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. मोकळ्या ओट्यासमोर उभी राहायची, डोळे मिटायची आणि हवेतच भाकरी थापायला लागायची, अगदी उलटून तव्यावर टाकेपर्यंत. एकदा एक कोवळा एजंट घाबरून मला म्हणाला, "आंटी, मॅडमना बरं नाही का?" मी म्हटलं, "थांब जरा, दुसरी बाजू भाजून होऊ दे." मग ती डोळे उघडायची आणि मान हलवायची. नापास. "अहो मॅडम, ओटा तोडून नवा बांधता येतो, सगळे करतात," असं एजंट म्हणाला की म्हणायची, "ते माहितीये. पण उभं तर राहून बघावं ना." खरं सांगायचं तर घर घ्यायचं धाडस होत नव्हतं. प्रज्ञाचं शिक्षण होतं, गावाकडे सासूचं दुखणं होतं. घरं बघून परत यायचं आणि पाटावर चढायचं, असं चाललं होतं.

मग ते साथीचे दिवस आले. ठाणे-बेलापूर रोडवर एरवी ट्रकच्या भोंग्यांनी कान किटायचे, तिथे कोकिळा ऐकू यायला लागली. सोसायटीने गेटला कुलूप घातलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विमलच्या ऑफिसातल्या शिपायाचा फोन आला की तुर्भ्याला कंपनीच्या मागच्या खोल्यांत माणसं अडकलीत, खानावळी बंद, गावाला जायला गाडी नाही, काल रात्रीपासून चहावर आहेत. विमलने फोन ठेवला आणि तळवलीजवळच्या बुद्धविहाराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांच्या घरी गेली. दर पौर्णिमेला तिथे तिचं जाणं असायचं. संध्याकाळपर्यंत विहाराच्या मागच्या शेडमध्ये मोठं भगोनं चढलं. पोलीस चौकीतून पास आणला, भाऊजींच्या ओळखीचा टेम्पो आला. तांदूळ कुठून येणार याची मला चिंता, तर तळवली गावातली एक म्हातारी डोक्यावर गोणी घेऊन हजर. "ह्यो घे, घरचा हाय," म्हणाली, "पन कोनाला सांगू नको, नायतर तुमचे सोसायटीवाले येतील मागाया." मी सोसायटीवालीच होते, मास्कमागे हसले.

मी कांदे चिरायला जायची. पहिल्या दिवशी विमलने मला हाक मारली, "ताई, इकडं या, बघा!" धावत गेले, म्हटलं काय झालं. तर ती भट्टीसमोर उभी, हातात उलथनं, आणि चेहरा असा की लॉटरी लागलीय. मंडपवाल्याची ती मोठी शेगडी, बुटक्या लोखंडी तिवईवर ठेवलेली, बरोबर तिच्या कमरेला येत होती. "पाट नको!" ती म्हणाली. बाहेर माणसं जीव मुठीत धरून बसलेली, रोज कुणाची तरी वाईट बातमी, आणि ही बाई खिचडीच्या वाफेत उभी राहून खुशीत. मला तेव्हा तिचा रागही आला आणि तिला घट्ट धरावंसंही वाटलं. धरता येत नव्हतं, अंतर ठेवायचे दिवस होते.

सोसायटीत कुजबुज सुरू झाली. ही बाई रोज बाहेर जाते, वस्तीतल्या माणसांत मिसळते, लिफ्टला हात लावते. मी सेक्रेटरीशी जिन्यात उभी राहून असं भांडले की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. विमल मला ओढत आत घेऊन आली. "कामून भांडायलात ताई, घाबरलेत लोक." लिफ्ट सोडून ती पायऱ्या चढायला लागली. तरी तिच्या घरमालकाला फोन गेलाच. तो ठाण्याला राहायचा, एरवी सभ्य माणूस. विमलने स्पीकर लावला होता, मी तिथेच होते. "मॅडम, तुमचं काम चांगलंय, मी नाही म्हणत नाही. पण तक्रारी येतायत. एकतर ते सगळं थांबवा, नाहीतर घर खाली करा." विमल म्हणाली, "दादा, उद्याचे तांदूळ भिजत घातलेत." तो म्हणाला, "मग परवापासून बंद करा." ती म्हणाली, "परवा बी माणसं जेवणारच ना..." फोन बंद झाला. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, उठले आणि माळ्यावरून रिकामी खोकी काढायला लागले. मला मात्र रडू आवरलं नाही. भर साथीत माणसं जातील कुठे?

जातील कुठे म्हणजे, माझं दार तीन पावलांवर होतं. "हे माझं स्वतःचं घर आहे," मी म्हटलं, "मला कोण खाली कर म्हणतंय बघते." सामान या दारातून त्या दारात आलं. पाट माझ्या ओट्यासमोर पडला. माझा ओटा माझ्या उंचीचा, म्हणजे सगळ्यांत उंच. पाटावर चढूनही ती टाचा वर करायची आणि मी ओरडायची, "पडशील गं!" एका सकाळी तशीच टाचांवर उभी असताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "ताई, घर घेते. आता घेते. परत कुणी मला खाली करा म्हणलेलं नाही ऐकून घेणार मी." सगळे हात आखडून बसलेले, नोकऱ्यांचा भरवसा नाही, आणि ही घर घेणार! पण बंदराचं काम चालू होतं, भाऊजींची नोकरी टिकली होती. द्रोणागिरीला तयार फ्लॅट होता, घ्यायला कुणी येत नव्हतं. मी म्हटलं, "तिथे संध्याकाळी कुत्रंसुद्धा दिसत नाही, नुसते कंटेनर." तर म्हणे, "मी गेले की येतील कुत्री."

ताबा मिळाला तेव्हा दुसरी लाट आली होती. विहारात पुन्हा भट्टी पेटली, आता घराघरांत आजारी पडलेल्यांसाठी डबे. विमलला द्रोणागिरीला जायला सवड नव्हती. मिस्त्री ओटा बांधायला आला तेव्हा भाऊजींनी तिथून फोन केला, उंची किती ठेवायची? पातेल्यात डाव फिरवता फिरवता ही म्हणाली, "चार वीत सांगा." भाऊजी आज्ञाधारक. त्यांनी जमिनीला हात लावला आणि स्वतःच्या चार विती मोजून मिस्त्रीला खूण करून दिली! तो हात म्हणजे सूपच. पंधरवड्याने आम्ही घर बघायला गेलो, विमल चप्पल काढून स्वयंपाकघरात गेली आणि काही आवाज येईना. मी आत गेले. काळ्या ग्रॅनाइटचा चकचकीत ओटा तिच्या पार गळ्याशी आला होता. बिल्डरने दिलेला परवडला असता. भाऊजी दारात, आपले पंजे बघत उभे. मी कपाळावर हात मारला. मला वाटलं आता ही रडणार. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि हसायला लागली, हसता हसता ठसका लागला. "माझंच चुकलं," म्हणाली, "कुणाच्या विती ते सांगायचं राहिलं." तो ओटा तोडला, आणि या वेळी तिने स्वतः वाकून आपला हात भिंतीला लावला.

राहायला गेले त्या दिवशी सकाळी वंदना झाली आणि लगेच विमल पिठाला लागली. अनवाणी, सपाट फरशीवर. खांद्यातून जोर लावून पीठ मळलं, थापलं, भाकरी टम्म फुगली. पहिली भाकरी ठेच्यासकट माझ्या ताटात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, पाय जमिनीला टेकलेत बघा." तिचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "पुरे आता, दुसरी टाक, भूक लागलीय." तो पाट तिने टाकून दिला नाही, भिंतीला उभा करून ठेवला. पुढे मी राहायला गेले की त्या ओट्याशी वाकून माझी कंबर धरायची आणि मी तिच्या नावाने शंख करायची. तिला त्याचा फार आनंद.

गेल्या आठवड्यात द्रोणागिरीला गेले होते. प्रज्ञा आलेली. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसत होत्या, खाली रस्त्यावर कुत्री भांडत होती. भाऊजी चहा करत होते. ओटा त्यांच्या मांड्यांशी, ते जवळजवळ काटकोनात वाकलेले, एक हात कमरेवर. प्रज्ञाला बघवेना. तिने मिस्त्रीला बोलावून घेतलं होतं, तोही टेप घेऊन हजर होता. "मावशी, तुम्ही तरी सांगा बाबांना," ती म्हणाली, "आता रोज तेच करणार स्वयंपाक. वरून विटांचा एक थर आणि ग्रॅनाइट टाकलं की झालं, दोन दिवसांचं काम आहे." पोरीचं काही चुकत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलंही.

भाऊजींनी गॅस बंद केला. तसेच वाकून, ओट्यावर तळहात पसरून उभे राहिले.

"नको बाई," म्हणाले, "उंच केला तर तिला परत पाट लागंल."

मिस्त्रीने टेप खिशात टाकला. मी उठले, सगळ्यांसाठी कप काढले आणि कंबर वाकवून विसळायला लागले.