तो इथंच राहतो

सुनंदाताईंवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी, भर पारावर. ही वेळ आधी लिहून ठेवते, कारण त्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो पारच आला. फोनवर त्यांची मुलगी पल्लवी होती. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलली. ताप कितीतरी दिवस अंगावर काढला होता. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायच्या, "कोर्टाची तारीख होऊ द्या, मंग जाऊ." तारीख झाली, पुढची तारीख मिळाली... दवाखाना राहून गेला.

आमची ओळख हिंगोलीला, कोर्टाच्या फाटकात. मी आमच्या संस्थेची, बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटत होते. त्यांनी एक घेतलं, उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "चांगलं लिवलं, पत्रकवाले बाई. पल्लवीच्या बापालाबी वाचता येतं. देता येत न्हाई." घटस्फोटानंतर कोर्टानं लेकराची पोटगी ठरवून दिली होती. त्यानं एकदाही दिली नाही. शेत भावाच्या नावावर, हळद भावाच्या नावावर विकायची, आणि हा कागदावर बेकार. त्या मात्र दुसऱ्यांच्या हळदीच्या कामावर जाऊन पोरीला शिकवत होत्या. पल्लवीला नर्स व्हायचंय.

शेवटी वसुलीचं वॉरंट निघालं. हवालदारांना न्यायला ऑटो ताईंनीच केला, मीही सोबत गेले. त्याचं गाव पुसेगावच्या पलीकडचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. करीचा दिवस, सगळे घरीच. हवालदारांनी विचारलं तसे किसनकाका पुढे झाले. नात्यानं ते ताईंचे चुलत सासरे.

"त्यो इथं राहत न्हाई, साहेब. पुण्याकडं गेला म्हणत्यात."

"मंग काल त्यायचे बैल कोण मिरवून राहिलं होतं, काका?" ताईंनी विचारलं.

पारावर हशा पिकला. हसले सगळे, बोललं कोणी नाही. शेतातला त्याचा आखाडा, म्हणजे तो राहतो ते शेतघर, पारावरून दिसतो. तरी 'ठावठिकाणा लागत नाही' असा शेरा मारून वॉरंट परत गेलं.

हिवाळ्यात त्याचे वडील वारले. तेरवीला तो हजर राहणारच, म्हणून पुन्हा वॉरंट काढायला लावून मी हवालदारांना तयार ठेवलं. ताईंनीच अडवलं. "बापाचं पान त्याच्या हातानं ठिवायचं असतंय. आज न्हाई." मी चिडले. "त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला काय दिलं?" तर म्हणाल्या, "त्यायनं न्हाई दिलं. पण उपाशी काहून धाडायचं?" पान ठेवून झालं, पंगत उठली, आणि हा परत बेपत्ता.

मग ताईंचीच तेरवी आली. कनेरगाव नाक्याजवळ, माहेरी. आणि हा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पोरीसाठी ड्रेसची पिशवी. लोकांनी सरकून जागा दिली. "शेवटी बापच त्यो," किसनकाका म्हणाले. जिवंतपणी जो कधी सापडला नाही, तो जेवायला बराबर सापडला. त्यानं मांडीवर ठेवलेली पिशवी न उघडता पल्लवीनं विचारलं, "पप्पा, तुमी कुठं राहता?"

उत्तर काकांनी दिलं, अगदी सहज, भात कालवता कालवता. "आता कुठं म्हंजे? आपल्या आखाड्यावर, पोरी. कुठं जातंय त्ये?"

वाढपी थांबला. काकांचा हात ताटातच राहिला. पल्लवीनं पिशवी बापाच्या ताटाशेजारी ठेवली आणि आत निघून गेली.

आमच्या कार्यालयाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा डाग आहे. ताई कामावरून थेट यायच्या, चप्पल काढताना तिथं हात टेकायच्या, आणि आत येण्याआधीच विचारायच्या, "लागला का पत्ता?" भिंत रंगवायला माणूस आला होता. तेवढी चौकट मी सोडायला लावली.

पल्लवीची थकलेली पोटगी आईसोबत मेलेली नाही. नवं वॉरंट निघेल, हवालदार त्याच पारावर येतील. हे वाचणाऱ्यांत त्या गावचे लोक आहेत. बाकीच्यांनो, तुमच्याही गावात असा एक आहे, आणि तो तुम्हाला माहीत आहे. श्रद्धांजली नको. तेरवीच्या पंगतीत जे तोंडातून सहज निघालं, तेच पारावर हवालदारांपुढे बोला. तो इथंच राहतो म्हणा, आणि उठून आखाडा दाखवा.