दिवस मावळायच्या आत

"वळखू येतंय का रं?"

बाईंचा हा प्रश्न मी पाच वर्षं ऐकला. शिरस्त्राण डोक्यावर चढवायचं, त्यावरची दोन्ही शिंगं हातानं चाचपून बघायची, माझ्यासमोर एकदा गोल फिरायचं आणि मग आतून दबक्या आवाजात विचारायचं. मी म्हणायचो, "न्हाय वो बाई, आजिबात न्हाय." पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे. "पाठीमागनं? चालण्यावरनं?" असं म्हणत त्या माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत चार पावलं चालून दाखवायच्या. ती पावलं मी तिसरीत असताना बाकावर जीव मुठीत धरून ऐकलेली होती. तरीही मी न्हायच म्हणायचो.

माझं फ्लेक्स आणि झेरॉक्सचं दुकान शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे. आम्ही आठ-दहा जण मिळून कोल्हापुरात दर थंडीत एक छोटा मेळावा भरवतो. कॉमिक्स वाचणारे, जपानी कार्टून मालिका बघणारे, गेम खेळणारे असे सगळे त्याला येतात. एका मंगल कार्यालयाचा दुसरा मजला दिवसभरासाठी घ्यायचा. एका कोपऱ्यात स्टिकर, किचेन आणि पोस्टरचे स्टॉल, स्टेजवर खुर्च्या मांडून गप्पांचा कार्यक्रम, आणि शेवटी कॉस्प्लेची स्पर्धा. आपल्या आवडत्या पात्राचा पोशाख करून यायचं, त्याला कॉस्प्ले म्हणतात. गारगोटीची दोन पोरं दरवर्षी एसटीनं येतात. ड्रॅगनची शेपूट मांडीवर घेऊन बसावं लागतं आणि कंडक्टर तिला लगेज लावू का म्हणून विचारतो. तुमच्यापैकी कुणी आलं असेल तर दारात तिकिटं फाडणारा घाबराघुबरा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो मीच.

तर या सगळ्यात तिसरीच्या बाई कशा आल्या?

त्याला कारण त्यांचं कपाट. वर्गात चोरून कॉमिक वाचणाऱ्या पोराकडून ते जप्त करायचं आणि कपाटात ठेवायचं, वर्षाच्या शेवटी परत द्यायचं, असा त्यांचा नियम होता. परत देण्याआधी त्यात वावगं काही नाही ना, हे बघणं त्यांना कर्तव्य वाटे. बघता बघता त्या वाचू लागल्या. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी एका पोराला बाजूला बोलावलं. पोराला वाटलं, आता पालकांना चिठ्ठी जाणार. बाईंनी कपाटाचं दार अर्धं उघडलं आणि हळूच विचारलं, "ह्याच्या पुढचा भाग हाय का तुज्याकडं?" ते पोर आज आमच्या मेळाव्यात जुन्या कॉमिक्सचा स्टॉल लावतं, आणि ही गोष्ट दर वर्षी नव्यानं सांगतं.

पहिल्या वर्षी बाई माझ्या दुकानात आल्या त्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला. काउंटरवर मेळाव्याचा फ्लेक्स पसरलेला होता. बराच वेळ त्या तो वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंड झाकून आलेलं चालतंय का?"

पोशाख आम्ही दोघांनी मिळून केला. योद्धा त्यांचा स्वतःचाच. पाच-सहा कॉमिक्समधलं आवडलेलं एकेक उचलून त्यांनी वहीत चित्र काढलं होतं. मी फोमशीट कापायची, ग्लू गननं चिकटवायची आणि बोट भाजून घ्यायचं. चिलखताच्या पट्ट्यांसाठी मी चपलांच्या गल्लीतून छान कातडी तुकडे आणले, तर त्यांनी ते दोन बोटांनीसुद्धा उचलले नाहीत. "आरं, जैनाच्या घरातली हाय मी. चामडं चालत न्हाय, एवढं पण कळंना? रेक्झिन बघ." मग एका रिक्षाच्या फाटक्या सीटचं रेक्झिन आणलं. बाई उंच होत्या, आवाज काढायच्या नाहीत. त्यामुळे आत कुणीतरी दांडगा तरुण आहे असंच पाहणाऱ्याला वाटावं, असा आमचा बेत होता.

भीती मात्र त्यांची कधी गेली नाही. रिक्षातून कार्यालयापर्यंत जाताना त्या तीनदा म्हणायच्या, "शाळंत कळलं तर?" मी एकदा वैतागून म्हणालो, "कळलं तर कळलं, बाई. नोकरी थोडीच जाणाराय?" त्यांनी शिरस्त्राणाची शिंगं सारखी केली. मग म्हणाल्या, "नोकरीचं न्हाय रं. पोरं हसतील. एकदा पोरगं मला हसलं की माझं ऐकायचं न्हाय. तीस वर्सं झाली, माझ्याकडं दुसरं काय हाय?" तेव्हापासून मीही घाबरायला लागलो. तसा मी मूळचाच भित्रा, त्यात ही भर.

आणि भ्यायला कारणही होतं. कागदाचा कपटा खाली दिसला की हा शिंगवाला योद्धा वाकून तो उचलायचा आणि ज्यानं टाकला त्याच्या हातात मुकाट्यानं परत द्यायचा. एखाद्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की गुडघ्यावर बसून दुहेरी गाठ मारायचा. सगळ्यांत मोठी अडचण जेवणाची. बाई दिवस मावळायच्या आत जेवायच्या, त्यानंतर पाणीसुद्धा नाही. त्यामुळे स्पर्धा झाली रे झाली की योद्धा तलवार काखेत मारून पळत सुटायचा. जगात इतके योद्धे असतील, पण सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी जाणारा हा एकच.

गेल्या खेपेला सगळंच बिघडलं. स्पर्धा चारला असते. पण पाहुणे उशिरा आले, त्यांचं भाषण लांबलं आणि पाच वाजून गेले तरी स्टेज मोकळं होईना. बाई खिडकीशी उभ्या राहून शिरस्त्राणाच्या फटीतून सूर्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि घड्याळाकडे. उशीर झालाच तर म्हणून त्यांनी दिलेला जेवणाचा डबा माझ्या पिशवीत होता, पण तो खायला शिरस्त्राण काढावं लागलं असतं.

साडेपाचला स्पर्धा सुरू झाली. आमच्यातल्या एका हौशी डेकोरेटरनं लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला लावतात ते धुराचं मशीन आणलं होतं. तिसरा स्पर्धक स्टेजवर आला आणि मशीनच्या वायरीनं तड तड आवाज करत ठिणग्या टाकल्या. लाइट गेली. स्पर्धेसाठी खिडक्यांचे पडदे ओढलेले. धूर सगळ्या हॉलभर. कुणीतरी ओरडलं, "आग! आग लागली!"

दोनशे माणसं एकदम उठली. जिना एकच आणि अरुंद. कुणाला पंख, कुणाला शेपूट, निम्म्यांच्या अंगावर फोम, जो भडाभडा पेटतो. दारातच एकाचा पंख अडकला, त्याच्या मागून रेटा सुरू झाला आणि एक लहान मुलगी किंचाळली. माझ्या हातात माईक होता, पण लाइट गेल्यावर तो काय कामाचा? माझ्या तोंडून आवाजच फुटेना. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

त्या धुरात दोन टाळ्या वाजल्या. बाईंनी फोमचे हातमोजे काढून फेकले होते.

"जाग्यावर बसा! हाताची घडी! तोंडावर बोट!"

तो आवाज पेठेतल्या अर्ध्या लोकांनी वयाच्या आठव्या वर्षी ऐकलेला. हॉल बसला. अक्षरशः बसला. राक्षस बसले, सैनिक बसले, स्टॉलवाले बसले. चाळिशीला टेकलेला डेकोरेटर मशीनशेजारी हाताची घडी घालून खाली बसला. मी स्टेजवर माईक मांडीत ठेवून तोंडावर बोट ठेवलं. तुम्ही असता तर तुम्हीही ठेवलं असतं.

"खिडकीजवळचे, पडदे सरका. दाराजवळचे आधी, एका रांगंत. पुढच्याच्या खांद्यावर हात. पंखवाल्यांनी शेवटी यायचं. शेपट्या हातात घ्या. पळला तर बघा!"

कुणी पळालं नाही. आग नव्हतीच, नुसती वायर जळली होती. पण तो जिना आणि तो रेटा आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. बाईंनी खाली अंगणात सगळ्यांना दोनदा मोजलं. मोजून झाल्यावर त्या एकट्याच वर आल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. शिरस्त्राण अजून डोक्यावरच. मी मागोमाग येऊन पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. अंधारून आलं होतं. त्यांनी मान हलवली. डबा तसाच राहिला.

मग आतून आवाज आला. "वळखलं काय रं सगळ्यांनी?"

पाच वर्षांत पहिल्यांदा मला खोटं बोलता येईना. "बाई, पहिल्याच वर्षी वळखलं हुतं."

"कुणी?"

"सगळ्यांनीच. स्पर्धा चारला का ठेवतोय आमी? तुमास्नी दिवसाउजेडी घरी जाता यावं म्हणूनच की."

शिंगं माझ्याकडे वळली. "मग बोलला का न्हाईसा कोण?"

"तुमीच शिकवलंय की, बाई. तोंडावर बोट."

त्या हसल्या की रडल्या, मला आजवर कळलेलं नाही. फोमच्या आत दोन्हीचा आवाज सारखाच येतो. मग म्हणाल्या, "पाच वर्सं उगंच भ्यायले म्हणायचं." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मला वाटत होतं की मी त्यांची भीती सांभाळतोय. खरं तर एका वाक्यात ती घालवता आली असती, आणि ते वाक्य मी पाच वर्षं गिळून बसलो होतो.

तरी खरी परीक्षा सोमवारीच होती. मेळाव्यात सगळे मोठे झालेले विद्यार्थी. वर्गात मात्र आठ वर्षांची पोरं, आणि त्यातली चार-पाच त्या दिवशी हॉलमध्ये होती. सकाळी शाळेत जाताना बाई दुकानाशी थांबल्या. चेहरा उतरलेला. "हसली तर?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. माझं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं. एका लग्नाच्या फ्लेक्सवर मी नवरदेवाचा फोटो उलटा छापला.

मधल्या सुट्टीत त्या आल्या, झपझप, खडूनं माखलेल्या हातांनी. "कोण हसलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मी आत गेले तर सगळी आधीच हाताची घडी घालून बसलेली. मी सांगितलं पण नव्हतं. मग एक पोरगी उठली आनि म्हणाली, बाई, शिंगं कशाची हुती?"

"मग?"

"सांगितलं की. फोमची. उद्या तुकडं घिऊन जाणाराय वर्गात, कापून ठेव." जाता जाता त्या वळल्या. "आनि पुढल्या वर्षी ते टोपडं नगं डोक्यावर. लई उकडतंय त्यात. तशीच येणार."

मी तुकडे कापून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या घेऊन गेल्या. ते पुढचं वर्ष मात्र बाईंच्या वाट्याला आलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस ताप आला, दवाखान्यात नेलं आणि तिथेच त्या गेल्या. उघड्या चेहऱ्यानं त्या स्टेजवर चढल्या असत्या तर लोकांनी काय केलं असतं, हे मी कितीदा तरी मनात बघून घेतलंय.

यंदाच्या मेळाव्याच्या बैठकीत एका नव्या मुलीनं सुचवलं की स्पर्धा सातला ठेवू, अंधार पडल्यावर लाइट छान दिसतात. तिचं म्हणणं बरोबरच होतं. तरी मी फ्लेक्सवर लिहिलं, स्पर्धा ठीक चार वाजता.

आणि ठीक चारला सुरू केली. या वेळी पाहुणे बोलवले नव्हते, धुराचं मशीनही नव्हतं. गारगोटीची पोरं शेपूट घेऊन वेळेवर आली होती. मी माईक हातात घेतला आणि शांत बसा म्हणून तीन-तीनदा सांगितलं, पण बाईंच्या एका हाकेत बसणारी पोरं माझं काही ऐकेनात. हॉलमध्ये नुसता गोंगाट चालला होता.