चौघींत एक तिकीट

लॉटरीच्या बक्षिसांचं मला माहीत नाही, पण लॉटरीचे किस्से मात्र न मागता जमा होतात. घरातल्या जोडी हरवलेल्या मोज्यांसारखे! एक शोधायला जावं, तर कपाटामागून चार निघतात.

आम्ही चौघी शांती नगरातल्या एका प्लेस्कूलच्या गेटवरच्या मैत्रिणी. गिरगावातून इकडे राहायला आलेली सविता, भाजीवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांशी हिंदीतच बोलणाऱ्या नीताबेन, लेकीकडे राहून नातवाला सांभाळणाऱ्या, मूळच्या उत्तनच्या फिलोमिना आंटी, आणि मी. सुरुवातीला मुलं आत रडायची आणि मी बाहेर. मुलं लवकर थांबली. सणासुदीच्या बंपर लॉटरीचं एक तिकीट चौघींत काढायचं, ही प्रथा या गेटवरच पडली. बहुधा मला गप्प करायला.

यंदा दिवाळीला मात्र माझ्यासाठी त्यातली गंमत संपली होती. आमचे घरमालक नाईककाका नवरात्रात येऊन म्हणाले, "फ्लॅट विकतोय. तुम्ही घेत असाल तर आनंदच आहे. नाहीतर दिवाळीनंतर रिकामा करा." घेण्याची आमची ऐपत नव्हती. या भागातली भाडीही आता आम्हाला परवडत नव्हती, म्हणजे पार लांब जावं लागणार. इरा, माझी लेक, आत्ता कुठे हसत शाळेत जायला लागली होती. आणि मी? मला मैत्रीण करायला वर्ष लागतं. तीन-तीन परत कुठून आणू?

* * *

पहिलं तिकीट काढलं तेव्हाची गोष्ट. मी स्टॉलवाल्या भैयांची परीक्षाच घेतली. ही अक्षरं कशाला? सीरिज म्हणजे काय? त्यांनी बिचाऱ्यांनी समजावलं, की अक्षरं आणि सगळे आकडे जुळले तर पहिलं बक्षीस, आणि नुसते शेवटचे चार आकडे जुळले तर छोटं.

"और तीन ही मिले तो?"

"तो अगली बार आना."

"जो टिकट बिका ही नहीं, उसका नंबर निकला तो?"

भैयांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "मॅडम, आपको टिकट लेना है कि दुकान?"

* * *

माझं एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्समध्ये झालंय. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण लोक लगेच विचारतात, "मग आता काय करतेस?" पण एकदा मला राहवलं नाही. गेटवर उभी राहून मी सविस्तर समजावलं, की पहिलं बक्षीस लागायची शक्यता जवळजवळ शून्य असते.

फिलोमिना आंटींनी शांतपणे ऐकून घेतलं. "जवळजवळच ना? शून्य तं न्हाय?"

"नाही, अगदी शून्य नाही..."

"मंग काड तिकीट!"

आणि पर्स कुणी उघडली? एम.एस्सी.नी.

* * *

नंबर निवडण्यावरून दर वेळी महाभारत. नीताबेनना आकड्यांची बेरीज नऊ हवी. सविताला शेवटी आठ चालत नाही. तिच्या सासूबाईंचा वाढदिवस आठ तारखेला असतो. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं बायांनो, सगळ्या नंबरांना चान्स सारखाच असतो!"

नीताबेन म्हणाल्या, "सब सेम है ना? तो फिर मेरावाला लेने में क्या प्रॉब्लेम है?"

नऊ बेरजेचं तिकीट शेवटी मीच शोधून दिलं.

* * *

एकदा पहिल्या बक्षिसाचं काय करायचं यावरून सविता आणि नीताबेन भांडल्या. नीताबेनना चौघींत मिळून एक मोठी गाडी घ्यायची होती. सविता म्हणाली, "आणि पार्किंग तुमच्या बिल्डिंगमध्ये? म्हणजे गाडी तुमचीच झाली ना!" दोन दिवस अबोला. मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगतेय.

माझा नवरा हसायला लागला. "न मिळालेल्या पैशांवरून भांडताय?"

सविताला हे कळलं, तशी ती उसळली. "मिळाले असते तर भांडलो असतो का? सरळ दोन गाड्या घेतल्या असत्या!"

* * *

गणपतीच्या बंपरचं तिकीट सांभाळायला माझ्याकडे होतं. आता माझा स्वभाव! इरा हातात येईल ते चावते. शिवाय पाणी सांडेल, झुरळ खाईल, वाऱ्याने उडेल. मी सरळ झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तिकीट लॅमिनेट करून आणलं. चकचकीत! अभिमानाने भैयांना दाखवलं.

त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं. "इनाम लगा तो पीछे नाम लिखके साइन करना पड़ता है. अब कहाँ करोगी? प्लास्टिक पे?"

सोडतीच्या दिवशी आम्ही चौघींनी चार ठिकाणी एकच प्रार्थना केली: आपला नंबर लागू देऊ नकोस! आंटींनी तर मेणबत्तीही लावली.

एकही आकडा जुळला नाही. "बगितलं?" आंटी म्हणाल्या. "मनापासनं मागलं का देव देतो."

* * *

दिवाळीच्या बंपरचं तिकीट घेतल्या घेतल्या सविताने त्याच्या मागे माझं नाव लिहून टाकलं. "आधी हिचं घर. उरले तर वाटून घेऊ."

नीताबेन म्हणाल्या, "बचेगा तो आइसक्रीम."

मी गेटवर परत रडले. या वेळी मुलं बघत होती.

सोडतीच्या दुपारी तिघी माझ्याकडे जमल्या. अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. नीताबेनच्या फोनवर निकाल आला. पहिल्या बक्षिसापासून शेवटच्या चार आकड्यांपर्यंत सगळं तपासलं, दोनदा. काही नाही. मी उठून चहा टाकायला आत गेले, आणि तेवढ्यात बेल वाजली. आधीच्या दोन पार्ट्या बघून गेल्यावर नाईककाकांनी फ्लॅट बघायला आणखी एक जोडपं पाठवलं होतं.

मी आतूनच ऐकत होते. बाईंनी विचारलं, "पाणी कसं आहे इकडे?"

"चांगलंय की," सविता म्हणाली. "आलं की चांगलं असतं."

"आणि शेजारीपाजारी?"

"पता नहीं," नीताबेन म्हणाल्या. "हम तो इधर रहते नहीं. सिर्फ रोज आते हैं."

"रोज?"

"सकाळी शाळा सुटली का येतो," आंटी म्हणाल्या. "मंग पोरा जेवतान, निजतान. सांच्याला जातो."

ते गृहस्थ जरा हसले. "पण आता या ताई तर जाणार ना इथून?"

"ती जाल," आंटी म्हणाल्या. "आमी खय जाव?"

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर दार उघडं आणि जोडपं गायब.

संध्याकाळी नाईककाकांचा फोन. "ही तिसरी पार्टी परत गेली हो! जाऊ दे, आता पुढच्या दिवाळीचं पुढच्या दिवाळीला बघू. तुम्ही राहा. पण मला एक सांगा, तुम्ही त्यांना म्हणालात तरी काय?"

"मी?" मी म्हटलं. "काका, देवाशपथ, मी तर आत चहा करत होते!"