वाटे वन्संनी पाडले

आमच्या सासरची वाटणी एका दिवसात झाली, असं माझ्या थोरल्या जाऊबाई शेवटपर्यंत सांगत. त्यांचं खरं मानायचं तर मानावं. पण त्या एका दिवसाच्या आधी वर्ष-दीड वर्ष जे काही चाललं होतं, त्याचा चहा मी केला होता, त्यामुळे मला ते निराळं आठवतं. दर रविवारी ओटीवर बैठक. तिघे भाऊ, मधे मामा, म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे बंधू. सासूबाई फार पूर्वीच गेलेल्या, सासरे नुकतेच गेलेले, तेव्हा वडीलधारं असं एवढंच माणूस उरलेलं. आत कपबशा विसळता विसळता मला ऐकू यायचं ते तेच तेच. रस्त्याकडची जमीन, विहीर, आंबे, आणि फिरून रस्त्याकडची जमीन. नवीन सून म्हणून मला हौस होती ती सगळी त्या चहात विरघळली. आजही कुणी वाटणीचा विषय काढला की मला आधी जांभई येते, मग राग येतो.

बोरिवलीला, स्टेशनापासून बरीच आत, खाडीच्या अंगाला आमची वाडी होती. केळी, वांगी, शेवगा, मोगऱ्याचे ताटवे, एका बाजूला आंब्याची झाडं, आणि या सगळ्याला पाणी पाजणारी एकच विहीर. तिच्यावर रहाट, रहाटाला बैल. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि मुंबईतले लोक बंगल्यांसाठी जागा शोधत आमच्याकडे येऊ लागले होते. छत्री काखेत मारून दलाल कुंपणापाशी उभे राहायचे. तोवर तिघा भावांपैकी कुणीही वाडीत उतरून एक आळं केलं नव्हतं. थोरले भावोजी फोर्टात कचेरीत, आमचे हे शाळामास्तर, धाकटे भावोजी वाकोल्याला खोली घेऊन राहणारे, कारखान्यात कामाला. दलाल दिसायला लागले आणि तिघांनाही एकदम वाडीचा उमाळा आला.

वाडी पाहत होत्या वन्सं. थोरल्या भावोजींच्या पाठची ही बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. तेव्हा धाकटे भावोजी रांगत होते आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हणजे धाकट्यांना वन्संनीच वाढवलं. वडिलांच्या हाताखाली वाडी शिकल्या आणि पुढे वडील थकले तेव्हा वाडी त्यांच्याच हातात आली. पहाटे मिश्री लावून, लुगड्याचा काचा मारून एकदा खाली उतरल्या की दुपारच्या जेवणापर्यंत बाई घरात दिसायची नाही. बोलणं बेताचं. मला तर पहिले सहा महिने त्या रागावल्यात असंच वाटायचं. नंतर कळलं, त्यांचा चेहराच तसा होता.

भांडी आधी वाटली गेली. ती वाटणी तर काय सांगावी! घंगाळ एकीकडे, त्याच्या खालची तिवई दुसरीकडे. पाटा माझ्या वाट्याला आला आणि वरवंटा जाऊबाईंच्या. पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघी एकमेकींच्या चुलीपाशी जाऊन चटणी वाटत होतो आणि नवरे ओटीवर बसून एकमेकांशी बोलत नव्हते. मग घराच्या खोल्या वाटल्या. माजघराच्या मधोमध भिंत घालायची ठरली, अलीकडचं थोरल्यांचं, पलीकडचं आमचं, मागची पडवी धाकट्यांची. खडूने रेघ मारली तेव्हा लक्षात आलं की जिथे भिंत यायची, नेमकं तिथेच वन्संचं अंथरूण पडतं.

मामांनी घसा खाकरून विचारलं, "आणि ही कुणाकडे?"

"म्हणजे काय मामा? ती आहेच ना!" थोरले भावोजी म्हणाले. "बहीण जड झाली का आम्हाला?"

"आहेच की," हे म्हणाले. "आहेच," धाकटे म्हणाले. तिघांनी "आहेच" म्हटलं, पण कुणाकडे ते तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. मी आतून ऐकत होते. सून म्हणून या घरात माझी जागाही ह्यांच्यामुळेच होती आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्याच सुमाराला मुलींनाही वाटा देणारा कायदा झालेला होता. ह्यांनी मोकळेपणाने वर्तमानपत्रातून वाचून दाखवला, तेवढा मान ह्यांना दिलाच पाहिजे. वन्सं भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. "म्हणजे भावांविरुद्ध कोर्टात उभी राहू?" त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा विहिरीत उडी टाकते." थोरले भावोजी खूश झाले. "बघा, आमची बहीण शहाणी आहे," म्हणाले आणि आणखी एक कप चहा मागितला.

जमिनीचं मात्र अडून बसलं होतं, आणि अडलं होतं घरातल्या एका रीतीपायी. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या असं चालत आलं होतं की, वाटे एकाने पाडायचे आणि उचलताना त्याने शेवटी उचलायचं. बाकीच्यांनी मोठ्यापासून क्रमाने. पाडणाऱ्याला उरलेलंच मिळणार, म्हणून तो लबाडी करणार नाही, अशी त्यातली अक्कल. अक्कल चांगलीच होती. पण मग पाडणार कोण? थोरल्या भावोजींनी पाडले तर त्यांचा पहिला मान जातो, आणि त्यांचा डोळा रस्त्याकडच्या तुकड्यावर. हे म्हणायचे, "मी पाडायचे आणि उरलेलं मी गोळा करायचं? मला वेड लागलंय?" धाकट्यांना वाडीतलं काही कळतच नव्हतं. ह्यांनी एकदा सुचवलं, "चिठ्ठ्या टाकू या." तर थोरले भावोजी उसळले. "चिठ्ठ्या टाकायला ही काय भिशी आहे? रीत म्हणजे रीत. पाडील तो शेवटी उचलील. बापजाद्यांनी केलं ते आपण मोडायचं नाही!" हे त्यांनी इतक्या रविवारी, इतक्या मोठ्याने सांगितलं की बैलांनासुद्धा पाठ झालं असेल.

शेवटी तोडगाही त्यांनीच काढला आणि त्यावर स्वतःच खूश झाले.

"अरे, आपण उगाच डोकं फोडतोय. हिला सांगू या ना! हिला वाडीतलं ढेकूळ न् ढेकूळ माहीत. आणि हिला काही उचलायचं नाही, म्हणजे कुणाचा क्रम जायला नको."

सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं, कारण चहा संपेल अशी आशा दिसली. वन्संना बाहेर बोलावलं. त्या ओल्या हातांनी दारात उभ्या राहिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घरच्या रीतीनेच पाडायचे ना, दादा?"

"रीतीनेच!" थोरले भावोजी म्हणाले.

"मामा, ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई," मामा म्हणाले.

"मग पाडते."

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी काथ्याची दोरी आणि बांबूच्या खुंट्या घेऊन मोजणी सुरू केली. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. वन्सं नुसती लांबी-रुंदी मोजत नव्हत्या. मधेच वाकून माती चोळून बघायच्या, इथे पाणी साचतं म्हणून खुंटी दोन हात पलीकडे न्यायच्या, या फणसाला फळ धरत नाही म्हणून त्या वाट्याला शेजारची जागा भरून द्यायच्या. रस्त्याकडचा तुकडा त्यांनी आखूड केला, खाडीकडचा वाढवला. कुणाच्या बाजूने कलत्या आहेत का, हे मी बारकाईने बघत होते, मास्तरांची बायको ना मी! काही सापडलं नाही. तिसरा वाटा आखून झाला तरी त्या दोरी गुंडाळीनात, तेव्हा मात्र मी थबकले.

"वन्सं, तीनच ना?"

"टोक नीट धर गं. सैल सोडू नकोस."

मी नीट धरलं. रात्री ह्यांनी विचारलं, "काय म्हणते मोजणी?" मी म्हटलं, "चाललीय." त्यांना सांगितलं असतं तर आणखी दहा रविवार चहा करावा लागला असता. शिवाय मला सांगायचं नव्हतं. हेही लिहून टाकते, त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाटे उचलायच्या दिवशी सगळे वाडीत उतरले. धाकटे भावोजी बायकोला घेऊन वाकोल्याहून सकाळीच आले होते. थोरले भावोजी कोट घालून, जसं काही कुणाचं लग्नच आहे. वन्सं पुढे चालत एकेक वाटा दाखवत गेल्या. हा रस्त्याकडचा, मोगऱ्यासकट. हा केळी-वांग्यांचा. हा आंब्यांचा. आणि विहिरीपाशी येऊन थांबल्या. विहीर, रहाट, बैलांचा गोठा आणि गोठ्यामागची लांबट पट्टी. चारी बाजूंना खुंट्या.

"हे काय?" थोरले भावोजी म्हणाले. "विहीर सामाईक ना?"

"ज्याच्या वाट्यात विहीर, त्याने गाळ काढायचा, बैल पोसायचे आणि बाकीच्यांना पाळीपाळीने पाणी द्यायचं. हा चौथा वाटा."

"चौथा? कुणाचा चौथा?"

"उरेल तो माझा," वन्सं म्हणाल्या. "पाडील तो शेवटी उचलील. तूच म्हणालास, दादा."

थोरल्या भावोजींचा चेहरा लालबुंद झाला. "अगं, पण तू... मामा, काय नाटक आहे हे? हिला काही उचलायचं नाही असंच ठरलं होतं!"

"ते तू ठरवलंस," मामा म्हणाले. "तिने रीत विचारली, तू हो म्हणालास, मी ऐकलं. तीनच पाड, असं कुणी म्हणालं होतं का?"

"ते काय सांगायला लागतं?"

"लागतं," मामा म्हणाले. "आता उचल. पहिला मान तुझा."

थोरले भावोजी अडकले. रीत मोडा म्हणावं तर इतके रविवार तोंडाने बजावलेलं, आणि रीत पाळावी तर बहीण वाटेकरी होते. शेवटी त्यांनी रस्त्याकडच्या वाट्याकडे नुसती मान उडवली. ह्यांनी केळी-वांग्यांचा घेतला. उरले आंबे आणि विहीर, आणि उचलायचं होतं धाकट्या भावोजींनी.

त्यांची बायको हळूच म्हणाली, "विहीर घ्या. पाण्याला किती किंमत येईल उद्या, काही कल्पना आहे का?" बोलणं हळू होतं, पण ऐकू सगळ्यांना गेलं. आंब्यांच्या वाट्यावर ना छप्पर ना पाणी. तो वन्संना उरला तर राहायचं कुठे, हा प्रश्न होता तिथेच येऊन बसणार होता. धाकटे भावोजी एकदा आंब्यांकडे बघत, एकदा विहिरीकडे. मग अगदी लहान मुलाने खाऊ मागावा तसं त्यांनी विचारलं, "ताई, विहीर घेऊ का गं?"

वन्संनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बैलाच्या मानेवरची गोचीड काढत होत्या. "मला काय विचारतोस? मान तुझा आहे. हवा तो उचल."

धाकटे भावोजी म्हणाले, "आंबे घेतो."

त्यांनी बहिणीसाठी विहीर सोडली, की गाळ काढायचा कंटाळा म्हणून सोडली, हे मला आजवर समजलेलं नाही. त्यांच्या बायकोने मात्र पुढे जन्मभर ते त्यांना ऐकवलं. वन्संनी त्यांना कधी विचारलं नाही.

वर आल्यावर मी सगळ्यांना पुरेल एवढा चहा केला. थोरले भावोजी न घेताच आत गेले. हे म्हणाले, "झालं एकदाचं," आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. धाकटे निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच चहा उरला. संध्याकाळी वन्संनी आपली वळकटी, एक ट्रंक आणि मिश्रीची डबी उचलली आणि गोठ्याच्या पडवीत नेऊन ठेवली. जाताना त्या ओटीवरून गेल्या. तिघांपैकी दोन भाऊ तिथे बसलेले होते. राहा, असं कुणी म्हणालं नाही. मी म्हणायला हवं होतं का, हे मला ठरवता येत नाही, कारण माझ्या म्हणण्याला तिथे काही वजन नव्हतं. मी फक्त कंदील घेऊन त्यांच्याबरोबर गेले आणि गवत झाडून जागा करून दिली.

सकाळी रहाटाचा आवाज आला. रोजच्याच वेळेला. मला वाटलं होतं, आज तरी बाई झोपतील. मी चहाचा पेला घेऊन खाली गेले. त्या फावडं घेऊन पाटाचं पाणी वळवत होत्या. आधी रस्त्याकडच्या मोगऱ्याला, मग आमच्या केळींना, मग आंब्यांना, जसं कालपर्यंत वळवत होत्या तसंच.

"वन्सं, एक दिवस तरी विसावा घ्यायचा," मी म्हटलं. "आता आपली जागा झाली ना?"

त्यांनी पेला घेतला, दोन घोट घेतले आणि फावड्यावर हात टेकून वर घराकडे पाहिलं. तिकडे गवंडी आला होता आणि थोरले भावोजी त्याला माजघरातली रेघ दाखवत होते.

"झाली की," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं भावांची वाडी शिंपली. आज शेजाऱ्यांची शिंपते आहे."

मग पेला माझ्या हातात देऊन त्या पुढच्या आळ्याकडे वळल्या.